अँटीव्हायरसचे बंद खोके आणि माझी अर्धी बातमी

मागच्या महिन्यात पान तीनवर माझी एक बातमी आली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली, ग्रुपवर फिरवली. दोघा-तिघांनी "जबरदस्त लावली" म्हणून फोनही केले. मथळा होता, 'उपकेंद्रातील ४० संगणक रामभरोसे, अँटीव्हायरसचे खोके कपाटात पडून'. सोबत फोटो. लोखंडी कपाट, दार अर्धवट उघडं आणि आत प्लॅस्टिकचं वेष्टणही न फाडलेले खोके.

फोटो खरा होता, खोकेही खरे होते. पण बातमी अर्धी होती. उरलेली अर्धी आज लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे, सवडीने वाचा.

आधी प्रकरण सांगतो. आमच्या गावाबाहेर विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तिथे संगणक कक्ष आहे. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.ची पोरं तिथे प्रोजेक्ट टाइप करतात, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात. एका मुलीचा मला फोन आला. पेन ड्राइव्ह लॅबच्या संगणकाला लावला आणि प्रबंधाच्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, एकही फाइल उघडत नाही. ती रडत होती. मी गेलो, चौकशी केली. मार्चमध्ये अँटीव्हायरसची खरेदी झाल्याचं कळलं. एकाने कपाट दाखवलं. जबाबदार अधिकाऱ्याला फोन लावला, ते म्हणाले, "साहित्य वेळेत दिलेलं आहे, ते बसवणं हे संबंधित कर्मचाऱ्याचं काम होतं." झाली बातमी. 'संबंधित कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा' हे शब्द मी अवतरणात टाकले, म्हणजे माझ्या अंगावर काही येत नाही. आम्हा पत्रकारांची ही जुनी सवय.

संबंधित कर्मचारी म्हणजे लॅब असिस्टंट. वय एकोणतीस, बाहेरच्या एजन्सीमार्फत ११ महिन्यांच्या ऑर्डरवर. त्याला मी फोन केला नव्हता. बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. चौथ्या दिवशी त्याचा मला फोन. मला वाटलं, शिव्या देणार. तो म्हणाला, "सर, मी काहीच म्हणत नाही. तुम्ही फक्त एक दिवस माझ्याशेजारी येऊन बसा. मी अँटीव्हायरस टाकतो, तुम्ही बघा."

मी दोन दिवस बसलो.

माझं संगणकाचं ज्ञान सांगायचं तर, आमच्या पत्रकारितेच्या पदविकेच्या वर्गात एकच संगणक होता, त्यावर कव्हर असायचं आणि खोलीबाहेर चपला काढून आत जावं लागायचं. पुढे पेजमेकर आणि श्रीलिपी शिकलो, त्यावर पोट भरलं. अँटीव्हायरस टाकायचं म्हणजे सीडी घालायची, 'नेक्स्ट नेक्स्ट' करायचं आणि चहा प्यायचा, एवढीच माझी कल्पना. बातमी लिहितानाही डोक्यात हेच होतं. ४० संगणक, एकेकाला १५ मिनिटं, दोन दिवसांचं काम. पोरगं आळशी असणार.

लॅबमधले ४० संगणक एका जातीचे नाहीत. १२ जुने, विंडोज ७ वाले. २० तीन वर्षांपूर्वी निविदेतून घेतलेले, विंडोज १० वाले. आणि ८ मुख्य आवारातून 'वापरून झाल्यावर' इकडे पाठवलेले. प्रत्येक गटाचं दुखणं वेगळं.

त्याने पहिल्या जुन्या संगणकावर सेटअप चालू केला. पट्टी सरकत गेली, मध्येच थांबली, चौकट आली. या संगणकावर आधीच दुसरा अँटीव्हायरस आहे, तो काढा. म्हटलं, काढ मग. त्याने यादी उघडली. यादीत अँटीव्हायरस नव्हताच. हा काय प्रकार? तर आधीच्या अँटीव्हायरसची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली. रोज पडद्यावर 'रिन्यू करा' येत होतं. त्याला कंटाळून कुणीतरी त्याचं फोल्डरच उडवलं. घर पाडलं पण सातबाऱ्यावर नाव तसंच, अशी ही स्थिती. सॉफ्टवेअर गेलं, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत आणि ड्रायव्हरमध्ये त्याच्या खुणा राहिल्या. नवा अँटीव्हायरस त्या खुणा बघतो आणि आत यायला नकार देतो. हा नकार बरोबरच आहे. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला बसले की एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक गुदमरतो.

यावर उपाय आहे. बहुतेक कंपन्या आपापल्या अँटीव्हायरसच्या खुणा पुसणारं एक छोटं सॉफ्टवेअर फुकट देतात. संगणक सेफ मोडमध्ये चालू करायचा, ते चालवायचं, रीस्टार्ट करायचं. एका संगणकाला अर्धा तास. पण ते चालवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो.

"तो कुणाकडे?"

"तोच तर प्रश्न आहे ना सर."

संगणक बसवणाऱ्याने तो टाकला होता. देखभालीचा करार संपला, त्यानंतर तो माणूस फोन उचलत नाही. आधीचा लॅब असिस्टंट दुसरीकडे लागला. या पोराने पासवर्ड शोधला कुठे, तर डेडस्टॉक रजिस्टरच्या शेवटच्या पानावर, मागच्या बाजूला, पेन्सिलने लिहिलेला. चार महिने लागले त्याला ते पान सापडायला. शासकीय कागदपत्रं जपून ठेवण्याचा फायदा होतो तो असा.

खुणा पुसल्या. सेटअप पुन्हा चालू. आता वेगळीच चौकट. इंग्रजीत काहीतरी, त्यात शा-टू असा शब्द. इथे मी हात टेकले. त्याने समजावलं ते मला पटलं, तुम्हालाही सांगतो.

सेतू केंद्रातून किंवा ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा काढला असेल तर तुम्ही पाहिलं असेल, सहीच्या जागी कधी हिरवी खूण येते, कधी पिवळं प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह आलं म्हणजे सातबारा खोटा असतोच असं नाही. कधीकधी तुमच्या संगणकाला ती सही ओळखता येत नाही एवढाच अर्थ. सॉफ्टवेअरलाही अशीच डिजिटल सही असते. ही सही करण्याची जुनी पद्धत कमकुवत ठरली म्हणून जगाने नवी घेतली, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे अपडेटही नव्या सहीनेच द्यायला सुरुवात केली. जुन्या विंडोज ७ ला ही नवी सही ओळखायला शिकवणारे अपडेट त्याच वर्षी आले. आमच्या लॅबमधल्या त्या १२ संगणकांना ते कधी मिळालेच नाहीत. का? अपडेट चालू ठेवलं की इंटरनेट हळू होतं म्हणून कुणीतरी ते बंद करून ठेवलं होतं. मग नवा अँटीव्हायरस दारात उभा, आणि दरवान म्हणतोय, 'हा शिक्का मला माहीत नाही.'

त्याने ते अपडेट घरी उतरवून आणले होते. ते आधी टाकायचे, रीस्टार्ट, मग अँटीव्हायरस. म्हणजे आणखी पाऊण तास. खरं तर विंडोज ७ चा पाठिंबाच १४ जानेवारी २०२० ला संपला. ही यंत्रं इंटरनेटला जोडूच नयेत. पण मग पोरांनी बसायचं कुठे?

पाचव्या संगणकावर सेटअप पूर्ण झाला. मी खूश. लायसन्सचा नंबर टाकला तर उत्तर आलं, सर्व्हरशी सुरक्षित संपर्क होत नाही. त्याने काही न बोलता पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तारीख होती १ जानेवारी २००९.

संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, ३ व्होल्टची. वीज गेली तरी तारीख-वेळ लक्षात ठेवण्याचं काम तिचं. ती संपली की संगणक दर सकाळी आपल्या जन्मवर्षात जागा होतो. आणि २००९ सालातल्या संगणकाला आजची प्रमाणपत्रं दाखवली तर तो म्हणणार, हे तर पुढच्या काळातलं आहे, मी कसं मानू? घड्याळवाल्याकडे मिळते ही बॅटरी, चहा-वड्याच्या पैशांत. या पोराने १२ बॅटऱ्यांची मागणी लेखी केली होती. शेरा आला, 'मध्यवर्ती खरेदीतून घ्यावे'. मध्यवर्ती खरेदीत ही वस्तू नाही. त्याने पाच बॅटऱ्या स्वतःच्या खिशातून घेतल्या. मागणीच्या अर्जाची पोचपावती मी बघितली, फोटो काढलाय.

तारीख नीट केली. तरीही ॲक्टिव्हेट होईना. आता अडथळा विद्यापीठाच्या फायरवॉलचा. अँटीव्हायरसला एकदा आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलावं लागतं, लायसन्स खरं आहे का ते विचारायला. मुख्य आवारातल्या फायरवॉलने तो रस्ताच बंद केलेला. रस्ता उघडा म्हणून ईमेल केला. १७ दिवसांनी उत्तर, 'विहित नमुन्यात मागणी सादर करावी'. सोबत नमुना नाही. शेवटी तो आपल्या मोबाइलचं इंटरनेट वायरने संगणकाला जोडून एकेक ॲक्टिव्हेट करत होता. रोजचा दीड जीबी दुपारपर्यंत संपायचा. मग काम उद्यावर.

दुसरा गट, मुख्य आवारातून आलेले ८ संगणक. यांची गंमतच न्यारी. पोरगं सांगत होतं, "सर, पहिल्या आठवड्यात मी आठही मशीनवर अँटीव्हायरस टाकला. सगळं हिरवं दिसत होतं. घरी गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर आठही मशीनवर काहीच नाही. पुन्हा टाकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा गायब. मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम करतंय. वॉचमनवर पण संशय घेतला मी."

कुणी काही करत नव्हतं. लॅबच्या संगणकांवर एक सॉफ्टवेअर टाकायची पद्धत आहे, जे संगणकाला एका ठरावीक अवस्थेत गोठवून ठेवतं. पोरांनी दिवसभर काहीही गोंधळ घालू दे, रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत. कल्पना चांगली आहे. फक्त त्याला व्हायरस काय आणि अँटीव्हायरस काय, दोन्ही सारखेच. दोन्ही पुसतं. आधी ते वितळवायचं, मग अँटीव्हायरस टाकायचा, मग पुन्हा गोठवायचं. आणि रोजचे नवे अपडेट टिकावेत म्हणून त्यांच्यासाठी वेगळी जागा मोकळी ठेवायची. वितळवायचा पासवर्ड मुख्य आवारात. तो मात्र एका भल्या माणसाने फोनवर दिला, पाच मिनिटांत. विहित नमुन्याशिवाय.

इथपर्यंत बघून मी मनात नवी बातमी जुळवायला लागलो होतो. 'व्यवस्थेने अडवला अँटीव्हायरस' वगैरे. हलकीफुलकी. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मी म्हटलं, आता ते विंडोज १० वाले २० राहिले, ते नवे आहेत, त्यांचं काही नसेल.

तो गप्प बसला. मग उठून दार लोटून आला.

"सर, त्यातल्या तीन मशीनवर मी टाकला होता. अगदी आरामात बसला, नेक्स्ट नेक्स्ट. दहा मिनिटांत त्याने एक फाइल पकडली आणि कोंडली. मला वाटलं, छान, काम करतोय. थोड्या दिवसांनी त्या तिन्ही मशीनवर खालच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं आली. 'ॲक्टिव्हेट विंडोज'. त्यातलं एक मशीन ऑफिसच्या कामाला वापरतात. मला वरून निरोप आला, अँटीव्हायरस टाकल्यापासून पडद्यावर काहीतरी येतंय, काढून टाक. मी म्हटलं, लेखी द्या. ते म्हणाले, लेखी कशाला, तोंडी सांगतोय ना."

अँटीव्हायरसने कोंडलेली फाइल म्हणजे चोरीचं विंडोज खऱ्यासारखं चालवणारा ॲक्टिव्हेटर होता.

त्याने मला दाखवलं. काळ्या खिडकीत एक छोटी कमांड टाकली की विंडोजच्या लायसन्सची कुंडली येते. मोठ्या संस्था घाऊक लायसन्स घेतात तेव्हा त्यांचे संगणक संस्थेच्याच एका सर्व्हरकडे ठरावीक काळाने हजेरी लावतात. १८० दिवसांत हजेरी झाली नाही तर लायसन्स लटकतं. या २० संगणकांच्या कुंडलीत सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी त्या संगणकाचा स्वतःचाच पत्ता होता. पोरगं स्वतःच स्वतःची हजेरी घेतंय आणि स्वतःच 'हजर' म्हणतंय.

हा ॲक्टिव्हेटर जिवंत राहावा म्हणून पुरवणाऱ्याने आणखी एक गोष्ट केली होती. विंडोज १० मध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आधीपासून फुकट असतो. तो ॲक्टिव्हेटरला पकडतो. म्हणून डिफेंडरच्या सेटिंगमध्ये सांगून ठेवलेलं, सी ड्राइव्ह तपासू नकोस. म्हणजे वॉचमनला पगार चालू, पण सांगितलंय की वाड्यात बघायचं नाही.

मला नुसतं ऐकून पटेना. त्याने एक चाचणी दाखवली. आयकार नावाच्या संस्थेची ६८ अक्षरांची एक ओळ आहे. ती ओळ व्हायरस नाही, तिने काहीच बिघडत नाही. पण जगातल्या अँटीव्हायरसवाल्यांनी ठरवलंय की ही ओळ दिसली की ओरडायचं. आगीचा भोंगा वाजतो का ते बघायला बटण दाबतात, तसं. त्याने ती ओळ नोटपॅडमध्ये टाकून नव्या संगणकाच्या डेस्कटॉपवर सेव्ह केली. काहीच झालं नाही. डिफेंडरची ढाल कोपऱ्यात हिरवीगार. मग तीच ओळ सकाळी नीट केलेल्या विंडोज ७ च्या जुनाट डब्यात सेव्ह केली. लगेच लाल चौकट, फाइल गायब.

म्हणजे लॅबमधले सगळ्यात नवे २० संगणक सगळ्यात उघडे होते, आणि ते आले त्या दिवसापासून उघडे होते.

आता मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी या संगणकांचं उद्‌घाटन झालं तेव्हा मी होतो. फीत कापली, नारळ फुटला, समोसे होते. 'अद्ययावत संगणक कक्ष विद्यार्थ्यांच्या सेवेत' ही बातमी माझीच. तीन कॉलम, रंगीत फोटो. त्या दिवशी एकाही संगणकासमोर मी बसलो नव्हतो.

"तू हे आधी का नाही सांगितलंस?" मी एकेरीवर कधी आलो ते मलाच कळलं नाही.

"कुणाला सांगू सर? माझी ऑर्डर ११ महिन्यांची. आणि तुम्ही बातमी लिहिली तेव्हा मला फोन कुठे केला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

काही जण म्हणतील, एवढं काय त्यात, निम्म्या गावात असंच विंडोज चालतं. चालतं, मान्य. पण या संगणकांवर काय काय असतं बघा. पोरं इथूनच महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं स्कॅन करून डेस्कटॉपवर टाकतात आणि तिथेच विसरतात. अंतर्गत गुण इथूनच भरले जातात. ॲक्टिव्हेटर कुठून आला, त्याच्यासोबत आणखी काय आलं, टाइप केलेला पासवर्ड तो कुठे पाठवतो का, हे कुणी तपासलेलं नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला. त्याला अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते अडकले, आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकसुद्धा. पुढच्याच महिन्यात तसल्याच दुसऱ्या हल्ल्याने आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम बंद पाडलं, कंटेनर अडकून पडले. तिथे ही गत, तर आमच्या उपकेंद्रातल्या पोरांची जातप्रमाणपत्रं कुणाच्या खिजगणतीत?

माझ्या बातमीतल्या दोन ढळढळीत चुकाही सांगून टाकतो. एक, 'विद्यार्थिनीचं संशोधन नष्ट' असं मी लिहिलं होतं. नष्ट झालं नव्हतं. शॉर्टकट व्हायरस खऱ्या फाइली पुसत नाही, लपवतो, आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट पुढे ठेवतो. या पोराने ॲट्रिब नावाच्या एका ओळीच्या कमांडने त्या मुलीच्या सगळ्या फाइली दोन मिनिटांत बाहेर काढून दिल्या होत्या, माझी बातमी छापून यायच्या आदल्या दिवशी. मी तिला पुन्हा विचारलंच नाही. दोन, 'लायसन्सची मुदत कपाटातच संपत चालली' असं लिहिलं होतं. या लायसन्सचं वर्ष खरेदीच्या दिवसापासून नाही, ॲक्टिव्हेट केल्याच्या दिवसापासून मोजतात. खोक्यावरच लिहिलंय. खोक्याचा फोटो काढणाऱ्याने खोकं वाचलं नाही.

एक तिसरी गोष्ट आहे, ती सांगायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी पोचपावत्यांचे फोटो घ्यायला माझा पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. नीट केलेल्या संगणकाला लावला आणि लाल चौकट आली. तोच शॉर्टकट व्हायरस. हाच पेन ड्राइव्ह मी पहिल्या बातमीच्या दिवशी लॅबमधल्या चार-पाच संगणकांना लावला होता, आमच्या ऑफिसच्या पानं लावायच्या संगणकालाही लावतो. तो तिथून माझ्याकडे आला की माझ्याकडून तिथे गेला, देव जाणे. पोरगं हसलं नाही. साफ करून परत दिला.

घरी जाऊन मी माझा लॅपटॉप उघडला. पाचशे रुपयांत 'ओरिजिनलसारखं' विंडोज टाकून घेतलेला. डिफेंडरच्या सेटिंगमध्ये गेलो, सूट दिलेल्या जागांची यादी उघडली. एकच नोंद. सी ड्राइव्ह. माझ्या बातम्यांचे सोर्स, त्यांचे नंबर, नेट बँकिंग, सगळं त्याच ड्राइव्हवर, चार वर्षं. नोंद काढली, तपासणी लावली, ॲक्टिव्हेटर पकडला गेला. आता कोपऱ्यात पांढरी अक्षरं आली आहेत. लायसन्स घेईपर्यंत ती तशीच राहतील.

तुम्हीही आज घरी हे बघा. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लुजन्स. तिथे तुम्ही न टाकलेलं काही असेल तर ज्याने विंडोज टाकून दिलं त्याला विचारा. दोन अँटीव्हायरस एकावर एक टाकू नका. अपडेट बंद करू नका. संगणकात आधीच काही घुसल्याची शंका असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, २०१७ पासून आहेत, फारसं कुणाला माहीत नाही. आणि अँटीव्हायरस म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची विद्या आहे असं समजू नका. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, त्यांनी आणि त्यांच्या भावाने मिळून अँटीव्हायरसची कंपनी उभी केली. आमच्या लॅबमध्ये दोष अँटीव्हायरसचा नव्हताच.

आता सद्यस्थिती. मी उपकेंद्राच्या प्रमुखांना भेटलो. त्यांना सगळं सांगितलं, चाचणीही दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "परीक्षा होऊन जाऊ द्या, मग बघू." मी म्हटलं, निदान सी ड्राइव्हची ती सूट काढायला याला लेखी परवानगी द्या. म्हणाले, "पडद्यावर अक्षरं आली तर पोरं काय म्हणतील?" मी कुणाला चोर म्हणत नाही. पुरवठादाराने केलं, की मधल्या कुणी, की कुणाला काही माहीतच नव्हतं, हे मला माहीत नाही. बिलात विंडोजच्या परवान्याचे पैसे लावलेत का, एवढंच बघायचंय. म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. पुरवठा आदेश, बिल, परवान्याचे कागद आणि स्वीकृतीच्या वेळी तपासणी कुणी केली त्याचं नाव, एवढं मागितलंय. ३० दिवसांची मुदत आहे, त्यातले ११ झाले.

खुलाशाची बातमी छापून आली, पान पाचवर, सिंगल कॉलम, खाली जाहिरात. पहिली बातमी पान तीनवर चार कॉलम होती. संपादकांशी त्यावरून माझं बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही. ज्यांनी पहिली बातमी फिरवली त्यांनी ही पोस्टही फिरवावी, एवढी विनंती.

त्या पोराने नोटिशीला सात पानी उत्तर दिलंय, पोचपावत्या जोडून. अजून निर्णय नाही. त्याची ऑर्डर या महिन्याच्या ३१ तारखेला संपते. काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला. ४० पैकी १७ संगणकांवर अँटीव्हायरस चालू, ३ जुन्यांचे बोर्ड गेलेत, २० तसेच. उरलेले खोके त्याने मोजून, यादी करून, सही घेऊन पुन्हा त्याच कपाटात ठेवलेत.